चौसष्टचा प्रोसेसर, बत्तीसचं फर्मवेअर : मामांच्या लॅपटॉपवर लिनक्स का बसेना

२०२२ च्या दिवाळीत कराडला मामांकडे गेलो आणि फराळाच्या ताटाबरोबरच लॅपटॉप पुढ्यात आला. घरात एकच माणूस कॉम्प्युटरवाला असला की त्याच्या नशिबात हे असतंच, चिवडा एका हातात आणि माऊस दुसऱ्या हातात. मामा एसटीत हिशोबाच्या टेबलावर होते, आता रिटायर, गल्लीतल्या भजनी मंडळाची वर्गणी आणि सोसायटीचा मेंटेनन्स असं सगळं लिहून ठेवायचं काम त्यांच्याकडे. म्हणाले, "बघ की जरा, उघडायलाच पंधरा मिनिटं घेतंय आणि वर म्हणतंय जागा न्हाई. त्या दुकानदाराकडं नेला तर तो म्हणतोय हे खेळणं हाय, टाकून द्या." मामेबहिणीच्या कॉलेजसाठी २०१६ मध्ये दहा हजाराच्या आत घेतलेला तो छोटा लॅपटॉप, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तसल्याच आतल्या मालाची मशीन त्या काळात डझनभर नावांनी विकली जात होती.

आत काय होतं ते आधी सांगतो कारण पुढची सगळी भानगड त्यातच आहे. इंटेलचा ॲटम झेड३७३५एफ, म्हणजे बे ट्रेल जातीचा, २०१४ चा चार कोअरचा प्रोसेसर, १.३३ गिगाहर्ट्झ. रॅम २ जीबी, बोर्डावर सोल्डर केलेली, आणि वाढवायचा विचार पण करू नका कारण त्या चिपची मर्यादाच २ जीबी आहे. डिस्क म्हणजे ३२ जीबीची ईएमएमसी, ती पण सोल्डर, साध्या शब्दात मोबाईलमधली मेमरी. मागचे स्क्रू काढून बघितलं तर बदलण्यासारखी एकच गोष्ट होती, स्क्रू.

वर विंडोज १०, ३२ बिटचं (बिट म्हणजे एका दमात किती मोठा आकडा हाताळायचा त्याचं माप, ३२ जुनं, ६४ नवं). ३२ जीबीतले विंडोजला दिसतात २९ च्या आसपास, रिकामी जागा ९०० एमबी. मोठा अपडेट उतरवायला निघालं की अर्ध्यात जागा संपायची, मग ते सगळं मागं फिरवायचं, परत दुसऱ्या दिवशी तेच. विंडोज १० च्या १९०३ नंबरच्या व्हर्जनपासून मायक्रोसॉफ्टने स्वतःच किमान ३२ जीबी डिस्क हवी असं म्हणायला सुरुवात केली, म्हणजे हे मशीन बरोबर उंबरठ्यावर उभं. मामांना लागतं काय, तर एक हिशोबाची शीट, मराठी टायपिंग, यूट्यूबवर भजनं. मी म्हंटलं विंडोज काढून लिनक्स टाकतो, ती फुकटची आणि हलकी ऑपरेटिंग सिस्टिम, तासाभराचं काम आहे.

तो तास तीन आठवडे चालला.

पहिली चूक मी काय केली तर सेटिंगमध्ये जाऊन अबाउटचं पान उघडलं आणि तिथली एक ओळ वाचली, "३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर." वाचून माझ्या डोक्यात पूर्ण गोष्ट तयार झाली, की रॅम कमी म्हणून कंपनीने ३२ बिटचं विंडोज मारलंय, प्रोसेसर मात्र ६४ चा आहे, मग ६४ बिट लिनक्स निवांत चालणार. यातलं काहीच खोटं नाहीये हे लक्षात घ्या. ऑपरेटिंग सिस्टिम ३२ हे खरं, प्रोसेसर ६४ हे पण खरं. फक्त या दोघांच्या मधे तिसरं एक जण असतं, त्याचं नाव त्या ओळीत नसतं आणि मी ते विचारलं नाही.

झुबुंटू २०.०४ (लिनक्सचाच एक हलका प्रकार) चा ६४ बिट पेन ड्राइव्ह खिशातच होता, माझ्या लॅपटॉपसाठी केलेला. मशीन चालू करताना डिलीट दाबून सेटअपमध्ये गेलो, सिक्युअर बूट (सही नसलेलं काही चालू होऊ न देणारं कुलूप) बंद, फास्ट बूट बंद. बूटच्या यादीत पेन ड्राइव्हचं नाव दिसत होतं. शेवटच्या टॅबवर ते नाव निवडून एंटर मारलं, स्क्रीन एक सेकंद काळी झाली आणि परत तोच निळा-करडा मेनू. एरर नाही, बीप नाही, काही नाही. परत एंटर, परत एक सेकंद काळी, परत मेनू. मला विचाराल तर हे सगळ्यात वाईट लक्षण, कारण एरर आला की निदान शोधायला शब्द तरी मिळतात, इथे मशीन फक्त नाही म्हणून मान हलवतंय.

मग सगळे जे करतात ते मी केलं. पेन ड्राइव्ह बदलला. पोर्ट बदलला, म्हणजे मोठा एकच होता, दुसरा छोटा होता त्याला मोबाईलचा ओटीजी लावून बघितलं. रूफस नावाच्या टूलने केलेला पुसून दुसऱ्या टूलने केला. आयएसओचा, म्हणजे उतरवलेल्या इन्स्टॉल फाईलचा, एसएचए२५६ चेकसम जुळवला (फाईल अर्धवट उतरली नाही ना ते बघायला), जुळला. इंटरनेटवर जो तो सांगतो लेगसी बूट चालू करा, सीएसएम चालू करा, त्या मेनूची प्रत्येक पाटी उघडून बघितली, तो पर्यायच नाही. नंतर कळलं की या जातीच्या बहुतेक स्वस्त मशीनमध्ये जुना बायोस मोड ठेवलेलाच नसतो, फक्त यूईएफआय. बायोस काय आणि यूईएफआय काय, दोन्ही म्हणजे बोर्डावरचं फर्मवेअर, ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी जागं होऊन तिला उठवणारं. दोन रात्री गेल्या. मामी दर तासाला डोकावून "झोप की रे आता" म्हणत होत्या.

दोन रात्रींत मी एकूण चौदा वेळा काहीतरी बदललं आणि त्यातल्या एकाही बदलाने मला नवीन काही सांगितलं नाही, कारण मी दरवेळी एकच शंका घासत होतो की पेन ड्राइव्ह खराब आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना सुचलं की आधी कोण निर्दोष आहे ते ठरवू. तोच पेन ड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावला, झुबुंटू सरळ चालू झालं, म्हणजे पेन ड्राइव्ह सुटला. आता मामांचं मशीन कुठल्याही पेन ड्राइव्हवरून चालू होतं का ते बघायला पाहिजे, त्यासाठी दोन पेन ड्राइव्ह हवेत, एकात विंडोज १० चं ३२ बिट आणि दुसऱ्यात तेच विंडोज ६४ बिट. मायक्रोसॉफ्टचं टूल दोन्ही देतं, फक्त मामांकडे नेट म्हणजे मोबाईलचं, दिवसाला दीड जीबी, त्यात एक विंडोज पण उतरत नाही. मग विद्यानगरला चुलतभावाकडे फायबर आहे तिथे जाऊन बसलो, तिथे परत फराळ.

रात्री लावून बघितलं. ३२ बिटवाला पेन ड्राइव्ह, एंटर, आणि आला की विंडोजचा निळा लोगो! म्हणजे पोर्ट ठीक, सिक्युअर बूट ठीक, मशीनला पेन ड्राइव्हवरून उठता येतं. मग दुसरा लावला, बनवणारा तोच, तेच टूल, तीच कंपनी, फक्त ६४ बिटवाला. एक सेकंद काळी स्क्रीन, परत मेनू.

संपलं. दोघांत फरक एकच.

आता हे का होतं. यूईएफआयवालं मशीन पेन ड्राइव्हवर एका ठरलेल्या फोल्डरमध्ये ठरलेल्या नावाची फाईल शोधतं. फर्मवेअर ६४ बिटचं असेल तर बूटएक्स६४ नावाची, ३२ बिटचं असेल तर बूटआयए३२ नावाची. नाव बदलून फसवता येत नाही, कारण फाईलच्या सुरुवातीलाच ती कुठल्या प्रोसेसर मोडसाठी केलीय ते लिहिलेलं असतं आणि फर्मवेअर स्वतः ज्या मोडमध्ये चालतंय त्याच मोडची फाईल उचलतं. प्रोसेसर ६४ चा असला तरी ते फर्मवेअर त्याला ३२ च्या मोडमध्येच चालवत असतं. आपल्या ६४ बिटवाल्या पेन ड्राइव्हमध्ये बूटआयए३२ फाईलच नव्हती, त्यामुळे त्या मशीनच्या दृष्टीने तो पेन ड्राइव्ह रिकामा. म्हणून एरर पण नाही.

६४ च्या प्रोसेसरवर ३२ चं फर्मवेअर टाकायची अवदसा कुणाला आठवली असं मला पण वाटलं. पण त्या काळाचा हिशोब वेगळा होता. बे ट्रेल टॅबलेटसाठी आला तेव्हा विंडोज ८.१ चं ते झोपेत पण नेटला जोडलेलं राहायचं जे फीचर होतं, कनेक्टेड स्टँडबाय, ते या चिपवर आधी ३२ बिटमध्येच तयार होतं. वर रॅम १ किंवा २ जीबी, डिस्क १६ किंवा ३२, तिथे ३२ बिट विंडोज कमी जागा खातं. त्यात २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वस्त मशीनसाठी बिंगवालं विंडोज ८.१ जवळजवळ फुकट द्यायला सुरुवात केली. मग कंपन्यांनी ३२ बिट विंडोज घेतलं, आणि विंडोजचा नियम असा की यूईएफआय मोडमध्ये विंडोज आणि फर्मवेअर एकाच बिटचे पाहिजेत, म्हणून फर्मवेअर पण ३२ चं. पुढे ही मशीन विंडोज १० टाकून विकली गेली, आतलं फर्मवेअर तसंच.

आणि इथे मला स्वतःच्या डोक्यात मारून घ्यावंसं वाटलं. हा नियम उलटा वाचला तर उत्तर पहिल्या दिवशीच हातात होतं. विंडोजमध्ये एमएसइन्फो३२ (मशीनची माहिती दाखवणारं पान) उघडा, तिथे बायोस मोडसमोर यूईएफआय लिहिलेलं असेल आणि त्याच मशीनवर विंडोज ३२ बिट चालत असेल तर फर्मवेअर ३२ बिटच असणार, दुसरं काही असूच शकत नाही. दोन ओळी, दोन वेगवेगळ्या पानांवर. मी एक वाचली आणि बाकीचं मनाने भरलं.

दुसऱ्या दिवशी मामांना सांगायचा प्रयत्न केला. म्हंटलं, मामा, गाडी मोठी आहे, रस्ता पण मोठा आहे, पण डेपोचं गेट बुटकं आहे, मोठी गाडी गेटातनंच बाहेर निघत नाही. मामांनी सुपारी कातरत विचार केला आणि म्हणाले, "मग त्यात काय, गेटातनं बारकी गाडी काढायची आणि बाहेर आल्यावर माणसं मोठ्या गाडीत बसवायची." मी गप्पच झालो, कारण लिनक्सवाल्यांनी अगदी हेच केलंय. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याच्या ३.१५ व्हर्जनपासून, २०१४ मध्ये, मिक्स्ड मोड नावाची सोय आली. ३२ बिटचं फर्मवेअर ३२ बिटचा बूटलोडर (सिस्टिम उठवणारा छोटा प्रोग्राम) उचलतं, तो बूटलोडर ६४ बिटचं कर्नल मेमरीत आणून सोडतो, आणि कर्नल तिथून प्रोसेसर ६४ मध्ये नेऊन पुढे चालतं, मधेमधे फर्मवेअरशी बोलायची वेळ आली तर तेवढ्यापुरतं ३२ मध्ये येऊन बोलतं. विंडोजमध्ये ही सोय नाही. त्यामुळे ६४ बिट विंडोज या मशीनवर कधीच नाही, आणि विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये आलंच नाही, म्हणजे त्याचा विषयच संपला. रॅम, टीपीएम वगैरे पुढच्या गोष्टी, गेटातच अडकली गाडी.

मधे एक आडवाट पण मारून झाली होती ती सांगतो, कारण तिथे बरेच जण फसत असतील. फर्मवेअर ३२ चं कळल्यावर मी म्हंटलं मग ३२ बिटचंच लिनक्स टाकू, लुबुंटू १८.०४ चं ३२ बिट उतरवलं. ते पण चालू झालं नाही! तेच, एक सेकंद काळी. उबुंटू घराण्याच्या ३२ बिट आयएसओमध्ये यूईएफआयची फाईलच नसते, त्या फक्त जुन्या बायोसवर उठतात. बनवणारे धरून चालले की ३२ बिट म्हणजे जुनं मशीन आणि जुनं मशीन म्हणजे बायोस, आणि यूईएफआय म्हणजे नवीन आणि नवीन म्हणजे ६४. दोन्ही अंदाज बहुतेक मशीनना लागू पडतात, हे मशीन बरोबर त्या दोघांच्या फटीत पडलंय.

भाऊबीज झाल्यावर लॅपटॉप पिशवीत घालून पुण्याला आणला. आणायच्या आधी एक काम मात्र शहाण्यासारखं केलं, मामांच्या फाईल तर काढून घेतल्याच पण विंडोज चालू असतानाच त्यातल्या डिस्म कमांडने सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून ठेवले. या स्वस्त मशीनचे टचपॅडचे, आवाजाचे ड्रायव्हर नंतर कुठल्याच साइटवर सापडत नाहीत. विंडोजची की फर्मवेअरमध्येच असते, त्याची काळजी नव्हती.

पुण्यात माझ्या उबुंटूवर ग्रबचं, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरचं, ३२ बिट ईएफआयवालं पॅकेज टाकलं आणि ग्रब-एमकेस्टँडअलोनने बूटआयए३२ फाईल स्वतः बनवली. तयार फाईल पण लोकांनी नेटवर ठेवलेल्या असतात, पण सिक्युअर बूट बंद करून अनोळखी माणसाचा बूटलोडर मामांच्या मशीनवर चालवायचा हे मला पटलं नाही, दहा मिनिटांचं काम आहे, स्वतः करा. ती फाईल झुबुंटूच्या पेन ड्राइव्हवर बूट फोल्डरमध्ये टाकली. इथे रूफसने पेन ड्राइव्ह करताना आयएसओ मोड निवडायचा, डीडी मोडने केला तर पेन ड्राइव्ह फक्त वाचता येतो, त्यात फाईल टाकता येत नाही. लावलं, एंटर मारलं आणि काळ्या स्क्रीनवर ग्रबचा प्रॉम्प्ट लुकलुकला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्या मशीनने लिनक्सशी संबंधित काहीतरी दाखवलं. हाताने कर्नलची जागा, इनिटआरडीची जागा टाईप केली, बूट म्हंटलं, दीड मिनिटाने डेस्कटॉप. टर्मिनल उघडून सिस फोल्डरच्या फर्मवेअर, ईएफआयमधली एफडब्ल्यू-प्लॅटफॉर्म-साईज फाईल वाचली, उत्तर आलं ३२. तोवर तर्क होता, आता कागदावर आलं.

आणि इथे घाई नडली. लाइव्ह, म्हणजे पेन ड्राइव्हवरूनच, चालतंय म्हणजे झालं असं समजून इन्स्टॉलरला सांगितलं पूर्ण डिस्क पुसून टाक. वीस मिनिटं फाईल कॉपी झाल्या, शेवटी डबा आला की बूटलोडर बसवता आला नाही. रिस्टार्ट केलं तर अर्थातच काही नाही, विंडोज गेलेलं, लिनक्स आहे पण उठत नाही. नेमका तेव्हाच मामांचा फोन, "झालं का रे?" म्हंटलं होत आलंय मामा. काय सांगणार.

टर्मिनलवरून हाताने ग्रब बसवायला गेलो तेव्हा एरर आला, पहिला खराखुरा एरर, की आय३८६-ईएफआय फोल्डरमधली मॉडइन्फो फाईल नाही. वाईट वाटायच्या ऐवजी मला बरंच वाटलं, कारण त्यात सगळं लिहिलंय. ग्रब-इन्स्टॉलने फर्मवेअरला विचारलं, ३२ उत्तर आलं, मग ते ३२ बिटचे भाग शोधायला गेलं आणि झुबुंटूच्या आयएसओत फक्त ६४ चे भाग होते. म्हणजे पेन ड्राइव्हचं जे दुखणं तेच बसवलेल्या सिस्टिमचं, जागा फक्त बदलली. पेन ड्राइव्हच्या ग्रबवरून डिस्कमधलं कर्नल हाताने उठवलं, मोबाईल यूएसबीने जोडून टेथरिंग चालू केलं (वायफायच्या भानगडीत पडायच्या आधी हे करा, नव्वद टक्के वेळा लगेच चालतं), ग्रब-ईएफआय-आयए३२ पॅकेज टाकलं, परत ग्रब बसवलं. रिस्टार्ट. पेन ड्राइव्ह काढलेला. आलं.

बरेच जण इथे थांबतात, मी पण माझ्या स्वतःच्या मशीनवर थांबलो असतो. पण मी पुण्यात आणि मशीन कराडला, मधे दीडशेच्या वर किलोमीटर. उबुंटूचं पुढचं मोठं अपग्रेड आलं आणि त्याने परत ६४ वालं ग्रब ओढून आणलं तर मामांच्या समोर परत तोच मुका मेनू. जुगाड स्वतःच्या घरात ठेवावा, दुसऱ्याच्या घरात ठेवला की फोन आपल्याला येतात. मग ज्यांच्या इन्स्टॉलरलाच या मशीनची ओळख आहे असं काहीतरी शोधलं, आणि ते म्हणजे डेबियन, लिनक्सचाच दुसरा प्रकार. २०१५ च्या डेबियन ८ पासून त्यांच्या मल्टि-आर्क (३२ आणि ६४ दोन्हीसाठी एकच) आयएसओत दोन्ही बूट फाईल होत्या आणि इन्स्टॉलर स्वतः बघून ग्रबचं बरोबर पॅकेज टाकतो. मी घेतलं डेबियन ११ चं मल्टि-आर्क नेटइन्स्टॉल, त्यातलं पण फर्मवेअरवालं अनौपचारिक आयएसओ, कारण तेव्हा डेबियनच्या अधिकृत आयएसओत वायफायचे बंद फर्मवेअर नसायचे.

पेन ड्राइव्ह लावला, एंटर मारला, मेनू आला. एवढंच. तीन आठवडे ज्याच्यासाठी घासले ते एका एंटरमध्ये, कुठलीही फाईल न टाकता. मेनूत ३२ आणि ६४ दोन्हीचा पर्याय होता, मी ६४ घेतला. २ जीबी रॅमला ३२ थोडं हलकं पडलं असतं हे खरंय, पण क्रोमने लिनक्सवर ३२ बिटला २०१६ मध्येच रामराम केला होता आणि बाकीचे पण त्याच रस्त्याने जाणार हे दिसत होतं. (२०२५ मध्ये डेबियन १३ आलं त्यात ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच ठेवला नाही, म्हणजे तेव्हा घेतलेला निर्णय बरा होता.) रॅमसाठी झेडरॅम चालू केलं (रॅममधला डेटा दाबून जागा वाचवणारी सोय), डेस्कटॉप एलएक्सक्यूटी नावाचा हलका. एक बारीक गोष्ट, दोन रिस्टार्टनंतर फर्मवेअर डेबियनची बूट नोंदच विसरून गेलं, मग ग्रबचं पॅकेज परत कॉन्फिगर करून त्याला सांगितलं की पेन ड्राइव्हसारख्या त्या ठरलेल्या जागी पण एक कॉपी ठेव, बूटआयए३२ नावाने. तेव्हापासून विसरलेलं नाही.

बाकीच्या हार्डवेअरची गोष्ट थोडक्यात. वायफाय चिप रिअलटेकची आरटीएल८७२३बीएस, ती यूएसबीवर पण नाही आणि पीसीआयवर पण नाही, एसडीआयओवर आहे, म्हणजे मेमरी कार्डाच्या तारेवर. त्यामुळे एलएसयूएसबी आणि एलएसपीसीआय या जोडलेल्या हार्डवेअरची यादी देणाऱ्या कमांड दोन्ही चालवून माणूस म्हणतो याच्यात वायफायच नाही. ड्रायव्हर कर्नल ४.१२ पासून आत आहे, फक्त रिअलटेकचं फर्मवेअर पॅकेज लागतं, ते आयएसओत होतं. आवाज मात्र मुका होता, लॉगमध्ये एफडब्ल्यू_एसएसटी_०एफ२८ नावाची फाईल मिळत नाही म्हणून रडगाणं, इंटेल साउंडचं फर्मवेअर पॅकेज टाकलं आणि स्पीकर बोलायला लागले. ब्लूटूथ नाही चालू झालं, दोन तास दिले आणि सोडलं.

खरा घाम काढला हँगने. मामांना द्यायच्या आधी आठवडाभर माझ्याकडेच भजनांची प्लेलिस्ट लावून ठेवली होती, तिसऱ्या दिवशी अभंग चालू असताना मशीन गोठलं, माऊस हलेना, कॅप्स लॉकचा दिवा लागेना, आवाज एकाच अक्षरावर अडकून टर्रर्र. पॉवर दाबून बंद केलं. परत चालू करून लॉग बघितला तर त्या क्षणापर्यंत सगळं आलबेल आणि पुढे कोरं. दुसऱ्या दिवशी परत, तेव्हा नुसतं रिकामं पडलेलं असताना. रॅम खराब असेल म्हणून मेमटेस्ट लावायला गेलो तर त्याचं पण तेच, पॅकेजमधलं मेमटेस्ट बायोसवर उठणारं. शेवटी बे ट्रेल आणि हँग एवढंच शोधलं तर कर्नलच्या बगझिलात (चुकांच्या तक्रारवहीत) १०९०५१ नंबरची तक्रार, २०१५ पासूनची, शेकडो प्रतिक्रिया, सगळ्यांचं हेच. प्रोसेसर खोल झोपेच्या पायरीवर जातो आणि कधीकधी तिथून परत येत नाही. नंतरच्या कर्नलमध्ये बरंच सुधारलंय म्हणतात आणि अनेकांचं थांबलं पण असेल, माझं थांबलं नव्हतं. ग्रबच्या सेटिंगमध्ये कर्नलच्या ओळीत इंटेल_आयडलचा मॅक्स_सीस्टेट १ केला, म्हणजे डुलकी घे पण गाढ झोपू नको. बॅटरी साधारण तासाभराने कमी चालते. मामांचा लॅपटॉप तसाही कायम चार्जरवर. त्यानंतर दहा दिवस प्लेलिस्ट लावून ठेवली, अडकला नाही.

डिसेंबरात कराडला नेऊन दिला. चालू व्हायला चाळीस सेकंद, डिस्कवर अर्ध्याच्या वर जागा रिकामी. मराठीसाठी आयबस या टायपिंगच्या सोयीमध्ये इनस्क्रिप्ट आणि गमभन दोन्ही टाकून दिले, मामांनी इनस्क्रिप्ट पकडलं, मामेबहीण गमभनवर. मामांनी पहिल्यांदा काय केलं तर वर्गणीची शीट उघडून खालची बेरीज कॅल्क्युलेटरवर ताडून बघितली, मशीनवर विश्वास ठेवायचा की नाही हे त्यांचं असं ठरतं. जुळली.

२०२३ मध्ये डेबियन १२ वर नेला तेव्हा एक गोष्ट विसरलो होतो, त्या व्हर्जनपासून फर्मवेअरची पॅकेजं नॉन-फ्री-फर्मवेअर नावाच्या वेगळ्या कप्प्यात गेलीत, पॅकेजं कुठून घ्यायची त्या सोर्सेसच्या यादीत तो शब्द टाकावा लागतो नाहीतर जुनी फर्मवेअर तशीच राहतात, अपडेट येत नाहीत. पॅकेजं बसवणाऱ्या ॲप्ट कमांडनेच बोंब मारून सांगितलं म्हणून कळलं. ग्रबला काही झालं नाही.

ब्लूटूथ अजून बंद आहे, मामांनी विचारलेलं नाही. विंडोजच्या ड्रायव्हरचं ते फोल्डर माझ्या हार्ड डिस्कवर पडलंय, 'मामा_परत_लागलं_तर' नावाने.